पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावात लेकरांना फ्लोराइडची टूथपेस्ट द्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातलं गाव. थोरला मुलगा दहा वर्षांचा, त्याच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आलेत. धाकटी चार वर्षांची, तिच्या वरच्या चार दातांना आणि खालच्या दोन दाढांना कीड लागली आहे. बोरिंगच्या पाण्याच्या अहवालात फ्लोराइड लिटरला २.८ मिलिग्रॅम आलंय. आरोग्य कर्मचारी सांगतात, फ्लोराइडची पेस्ट घरात आणू नका. शाळेत तपासणीला आलेले दातांचे डॉक्टर सांगतात, फ्लोराइडचीच पेस्ट वापरा. ऐकायचं कोणाचं?

ताई, तुमच्या घरात दोन लेकरांना दोन वेगळे आजार आहेत. थोरल्याला फ्लोराइड पोटात जास्त गेल्याचा त्रास आहे. धाकटीच्या दातांवर दिवसभर साखर राहते आणि त्या दातांना संरक्षण मिळत नाही, हा तिचा त्रास आहे. आरोग्य कर्मचारी पहिल्याबद्दल बोलतायत, डॉक्टर दुसऱ्याबद्दल. फ्लोराइड पोटात जाणं आणि फ्लोराइड दाताच्या पृष्ठभागावर लागणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की पुढचं सगळं सोपं होतं.

आधी दोघांचे दात नीट बघा. दिवसा उजेडात, दारासमोर बसवा. ओठ वर उचला, स्वच्छ कपड्याने किंवा कापसाने दात कोरडा करा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. ओला दात चकाकतो आणि डाग लपवतो, म्हणून कोरडा करायचा. फ्लोरोसिस, म्हणजे पोटात जास्त फ्लोराइड गेल्याने दातांवर पडलेले डाग, असेल तर उजवीकडचा आणि डावीकडचा तोच दात सारखाच दिसतो. आडव्या, ढगाळ पांढऱ्या रेघा असतात, काही ठिकाणी खडूसारखा निस्तेज पांढरेपणा, आणि दात तोंडात आल्यावर काही वर्षांत त्यावर पिवळा-तपकिरी रंग चढत जातो. नखाने खरवडून तो निघत नाही, कारण तो आतच बसलेला असतो. जास्त झालेलं असेल तर बारीक खड्डे दिसतात, जसं कोणी टाचणीने टोचलंय.

किडीची सुरुवात वेगळी दिसते. हिरडीच्या कडेला लागून अर्ध्या चंद्रासारखा पांढरा पट्टा येतो, त्यावर बहुतेक वेळा चिकट थर बसलेला असतो, आणि तो एखाद्या दातावर असतो, शेजारच्यावर नसतो. हीच पांढरी अवस्था परत फिरवता येते. पट्टा पिवळा पडून दात मऊ लागायला लागला, खड्डा पडला, की तो भाग आपोआप भरून येत नाही. खर्ऱ्याचा (तंबाखू-सुपारीचा), चहाचा डाग तिसऱ्याच जातीचा. तो दाताच्या मुळाशी आणि आतल्या बाजूला काळपट बसतो आणि दवाखान्यात मशीनने दात साफ केले की निघतो.

दात किडतो कसा? तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. आम्ल पीएचच्या आकड्यात मोजतात, आकडा जितका कमी तितकं आम्ल कडक. दातावरच्या थरातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतं. लाळ ते हळूहळू परत भरते, पण त्याला बहुधा अर्धा तास तरी लागतो, कधी जास्त. दिवसभर ही देवाणघेवाण चालूच असते. दातावर थोडंसं फ्लोराइड हजर असलं तर परत भरलेला थर आधीपेक्षा टणक होतो आणि आणखी कडक आम्लालाच विरघळतो. हे काम फ्लोराइड दाताच्या वरून, तोंडातूनच करतं. त्यासाठी ते गिळायची गरज नाही.

पोटात गेलेल्या फ्लोराइडचं उलट आहे. हिरड्यांच्या आत, जबड्यात कायमचे दात तयार होत असताना रक्तातून जास्त फ्लोराइड पोहोचलं तर एनॅमल नीट पिकत नाही, सच्छिद्र राहतं. पुढच्या कायमच्या दातांचं एनॅमल साधारण चार-पाच वर्षांपर्यंत तयार होतं, आणि त्यातला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा काळ सगळ्यात नाजूक. मागच्या दाढांचं काम सात-आठ वर्षांपर्यंत चालतं. आठव्या वर्षानंतर, अक्कलदाढा सोडल्या तर, पाण्याने नवा डाग पडत नाही. तुमच्या थोरल्याचे पट्टे तो लहान असताना प्यायलेल्या पाण्याचे आहेत, आजच्या पेस्टचे नाहीत.

हा उलगडा व्हायलाही तीस वर्षं लागली. १९०१ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्याला गावातल्या मुलांचे दात तपकिरी दिसले, आणि पुढे लक्षात आलं की हे डागाळलेले दात किडतात मात्र कमी. कारण १९३१ मध्ये सापडलं, पाण्यातलं फ्लोराइड. त्यानंतरच्या पाहण्यांत दिसलं की लिटरला साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास कीड कमी होते आणि डाग नावापुरते राहतात, त्याच्या वर गेलं की डाग वाढत जातात. आपल्या देशात १९३७ मध्ये नेल्लोर भागातून या आजाराची पहिली नोंद झाली. पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने खाली बसवायची जी नालगोंडा पद्धत आहे, ती आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवून दिलेली. म्हणजे हा विषय विदर्भाला नवा नाही. केळापूर, झरी-जामणी भागात आणि चंद्रपूरच्या वरोरा, राजुरा, कोरपना बाजूला कितीतरी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या वर आहे.

म्हणून पहिलं काम पाण्याचं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. तुमचं २.८ आहे. चार वर्षांचं लेकरू दिवसाला लिटरभर पाणी पितं, मे महिन्यात दीड-दोन लिटर, आणि वरून त्याच पाण्यात शिजलेला भात आणि वरण. म्हणजे रोज ३ ते ६ मिलिग्रॅम फ्लोराइड नुसत्या पाण्यातून जातं. हे आकडे लक्षात ठेवा, पेस्टचा हिशेब करताना लागतील.

एकाच अहवालावर थांबू नका. एकाच गावात दोन बोरिंग पन्नास पावलांवर असतात आणि एकात १, दुसऱ्यात ४ निघतं, कारण खालचा खडक आणि खोली वेगळी. गावातले सगळे स्रोत तपासून घ्या, उघड्या विहिरीही. उथळ विहिरीत फ्लोराइड बहुधा कमी सापडतं, कारण ते पाणी खडकात कमी काळ राहिलेलं असतं. नमुना घेताना काचेची बाटली नको, स्वच्छ प्लास्टिकची लिटरभराची बाटली घ्या. हापसा पाच मिनिटं चालवून साठलेलं पाणी जाऊ द्या, त्याच पाण्याने बाटली तीनदा खंगाळा, मग काठोकाठ भरून झाकण लावा. चिठ्ठीवर गाव, स्रोताची जागा, तारीख लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत हे तपासून मिळतं, ग्रामपंचायतीमार्फत पाठवलं की सोपं जातं. पंचायतीत जलजीवन मिशनचा तपासणी संच असतो, त्यातली फ्लोराइडची चाचणी रंग जुळवून करतात. त्यावरून अंदाज येतो, पण निर्णय घ्यायला प्रयोगशाळेचा आकडा बरा. एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात, अशी दोनदा तपासणी करा.

आता काय केल्याने फ्लोराइड जात नाही ते सांगतो, कारण यात लोक फार फसतात. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे घट्ट होतं. कपड्याने गाळून, कँडलच्या फिल्टरमधून, ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचे थेंब टाकून काहीच फरक पडत नाही. ते सगळं जंतूंसाठी आहे. चव, वास, रंग यांतून फ्लोराइड कळत नाही, त्यामुळे “आमचं पाणी गोड आहे” याला अर्थ नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचं पेनासारखं मीटर फ्लोराइड मोजत नाही. २०० टीडीएसच्या पाण्यातही फ्लोराइड ३ असू शकतं.

आरओच्या मशीनने फ्लोराइड निघतं, आतला गाळायचा पडदा चांगला असेल तर बहुतेक सगळं. पण दोन गोष्टी बघा. घरच्या मशीनमध्ये चव आणायला टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू असतो, तो उघडला की कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं आणि फ्लोराइडही सोबत येतं. तो बंद ठेवा. आणि गावच्या आरओ प्लँटचा पडदा जुना झाला की पाणी दिसायला तसंच दिसतं, म्हणून सहा महिन्यांतून एकदा प्लँटच्या नळाचं पाणी तपासायला ग्रामसभेत मागणी करा. दिवसाला एक वीस लिटरची कॅन परवडत असेल तर ती आधी कोणाला द्यायची? माझ्या मते आठ वर्षांखालच्या लेकरांचं पिणं, त्यांचा वरणभात आणि गरोदर बाई. भांडी, आंघोळ, धुणं बोरिंगवर राहू द्या, त्वचेतून फ्लोराइड जात नाही. उघडी विहीर चांगली निघाली तर तेच पाणी क्लोरीन टाकून प्या, तो खर्चही वाचतो. तान्ह्या बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजा. आई जास्त फ्लोराइडचं पाणी पीत असली तरी आईच्या दुधात ते अगदी नगण्य उतरतं. डब्याची पावडर बोरिंगच्या पाण्यात कालवून पाजणं मात्र त्या बाळासाठी सगळ्यात वाईट.

आता पेस्ट. बाजारातल्या फ्लोराइडच्या पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत फ्लोराइड असतं, आपल्याकडे कायद्याने ती कमाल मर्यादा आहे. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण एक दशांश ग्रॅम, त्यात ०.१ मिलिग्रॅम. वाटाण्याच्या दाण्याएवढी पेस्ट म्हणजे पाव ग्रॅम, त्यात ०.२५. जाहिरातीत ब्रशभर लांब नागमोडी पेस्ट दाखवतात, ती ग्रॅमच्या वर जाते.

आता पाण्याशी ताडून बघा. तुमच्या धाकटीने तांदळाएवढी पेस्ट दोन वेळा वापरली आणि पूर्ण गिळली, तरी पोटात ०.२ मिलिग्रॅम जाईल. पाण्यातून रोज ३ मिलिग्रॅमच्या वर जातंय. पेस्ट बंद करून पाणी तेच ठेवलं तर फ्लोरोसिस थांबणार नाही आणि दात किडत राहतील, दोन्हीकडून नुकसान. पण ब्रशभर पेस्ट गोड लागते म्हणून दोन वेळा चाटून खाल्ली तर तीच पेस्ट २ मिलिग्रॅम देते. आरोग्य कर्मचाऱ्याची भीती इथे खरी आहे. फ्लोरोसिसच्या कामातले बरेच जण अशा गावात फ्लोराइडची पेस्ट सरसकट नको म्हणतात, ते यामुळेच.

माझा सल्ला वयानुसार वेगळा आहे. आठ वर्षांवरच्या सगळ्यांनी, तुमच्या थोरल्यासकट, बिनधास्त १००० पीपीएमची पेस्ट वापरावी, थुंकायची एवढंच. त्याचे दात तयार झालेत, आता पेस्टने नवा डाग पडणार नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना चांगलं पाणी मिळत असेल तर वाटाण्याएवढी पेस्ट. धाकटीसारखं कीड लागलेलं लेकरू असेल आणि पाणी अजून बदललेलं नसेल तर तांदळाएवढी, मोठ्या माणसाने लावून दिलेली. तीन वर्षांखालच्या लेकराला, पाणी १.५ च्या वर असताना आणि दात ठणठणीत असताना, पाणी बदलेपर्यंत नुसत्या ब्रशने घासलं तरी चालेल. त्याच वयात कीड दिसू लागली तर तांदळाएवढी पेस्ट रात्री एकदा. जिथे पाण्यात फ्लोराइड अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली आहे, अशी गावं विदर्भात कितीतरी आहेत, तिथे पेस्टला घाबरायचं काहीच कारण नाही. तिथे पहिल्या दातापासून तांदळाएवढी पेस्ट सुरू करा.

ट्यूब कायम उंचावर ठेवा. दहा किलोच्या लेकराने पन्नास ग्रॅमच्या आसपास पेस्ट एकदम खाल्ली तर तो विषबाधेचा धोका आहे. असं झालं तर लगेच दूध पाजा, कॅल्शियमने फ्लोराइड पोटातच अडकतं, आणि ट्यूब सोबत घेऊन दवाखाना गाठा.

पेस्ट घेताना ट्यूबची मागची बाजू वाचा. सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७६ टक्के किंवा सोडियम फ्लोराइड ०.२२ टक्के म्हणजे १००० पीपीएम. आकडा आणि संपण्याची तारीख ट्यूबवर आणि खोक्यावर दोन्हीकडे छापणं बंधनकारक आहे. नुसतं ‘हर्बल’, ‘मीठ’, ‘लवंग’ लिहिलेल्या कित्येक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. गावच्या किराण्यात दहा रुपयांच्या ट्यूब उन्हात टांगलेल्या असतात, त्यांची तारीख नक्की बघा. खडूचा आधार असलेल्या पेस्टमध्ये जसजसा काळ जातो तसतसं फ्लोराइड खडूतल्या कॅल्शियमला बांधलं जातं आणि दातासाठी मोकळं उरत नाही. लाल दंतमंजन, राखुंडी, कोळसा, वीटकरीची पूड यांत फ्लोराइड नाही आणि खरखर मात्र भरपूर. वीस वर्षं बोटाने लाल मंजन घासलेल्या माणसाच्या दाताला हिरडीजवळ खाच पडलेली दिसते, तिथे थंड पाणी लागलं की कळ जाते. निंबाच्या दातवणाला माझा विरोध नाही. नीट चावून मऊ कुंचला करून घासलं तर थर निघतो. पण फटीत ते पोहोचत नाही आणि फ्लोराइड देत नाही, म्हणून सकाळी दातवण, रात्री पेस्ट असं करा.

रात्रीचं ब्रश मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दातावर राहिलेली साखर आणि जंतू यांना सहा-आठ तास मोकळं रान मिळतं. सकाळी उठून घासणं म्हणजे चोर गेल्यावर कडी लावणं. पण आपल्याकडे सकाळचं घासणं शिस्तीत होतं, आणि रात्री जेवून लेकरू तसंच झोपतं.

धाकटीचं ब्रश तुम्हीच करा, निदान सात-आठ वर्षांची होईपर्यंत. ज्या लेकराला शर्टाची बटणं नीट लावता येत नाहीत, त्याला मागची दाढ घासता येत नाही. तिला मांडीवर डोकं ठेवून आडवी घ्या, तुम्ही तिच्या डोक्याच्या बाजूला बसा. डाव्या हाताच्या बोटाने ओठ उचला. ब्रश मऊ, डोकं लहान, आणि पेस्ट कोरड्या ब्रशच्या केसांत बोटाने दाबून बसवा, म्हणजे पहिल्याच फटक्यात जिभेवर पडून गिळली जाणार नाही. वरच्या पुढच्या दातांच्या हिरडीच्या कडेपासून सुरू करा, कीड तिथेच लागते. मग दाढांचा चावायचा भाग, मग आतली बाजू. दोन मिनिटं. ती रडली तरी तोंड उघडं असतं, त्यामुळे थांबायचं कारण नाही.

झाल्यावर थुंकायला लावा आणि चूळ भरू देऊ नका. हे आपल्या सवयीच्या अगदी विरुद्ध आहे. आपण तांब्याभर पाणी घेऊन खळखळून गुळण्या करतो आणि दातावर बसलेलं फ्लोराइड धुऊन टाकतो. फेस थुंकायचा, फारच चिकट वाटलं तर एक छोटा घोट फिरवून थुंकायचा. लेकराला थुंकता येत नसेल तर ओल्या फडक्याने फेस पुसून घ्या. त्यानंतर झोपेपर्यंत दूध, बिस्कीट काही नाही, फक्त पाणी.

खाण्याबद्दल एकच गोष्ट लांबवून सांगतो, कारण किडीचं मूळ तिथे आहे. साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली याने जास्त बिघडतं. कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळी वावरात जाते, लेकरू आजीजवळ. ते रडलं की बिस्किटाचा पुडा. आठ वाजता चहात बुडवून दोन, दहा वाजता एक, बारा वाजता पाच रुपयांचं पाकीट, दुपारी परत चहा. प्रत्येक वेळी दातावर अर्धा-पाऊण तास आम्ल. असं सहा-सात वेळा झालं की लाळेला भरून काढायला वेळच उरत नाही. तेच बिस्कीट जेवणासोबत एकदाच खाल्लं तर आम्लाचा एकच फेरा होतो. चहात भिजलेलं बिस्कीट लगदा होऊन दाढेच्या खाचेत बसतं, वाळलेलं मोहफूल आणि गुळाची चिक्कीही तशीच चिकटते. चिवडा, कुरकुरीत पाकिटं खारी असली तरी त्यातलं पीठ दाताला चिकटून राहतं आणि तोंडात त्याचीच साखर होते. मधल्या वेळेला भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काकडी, उकडलेलं अंडं द्या. संत्रं चावून खाल्लं तर बिघडत नाही. दिवसभर फोडी चोखत बसणं वाईट, आणि आंबट खाल्ल्यावर अर्धा तास ब्रश नको, मऊ झालेलं एनॅमल घासलं जातं.

बाटलीने साखरेचं दूध पीत पीत झोपायची सवय असेल तर ती आज बंद करा. तुमच्या धाकटीचे वरचे पुढचे चार दात किडलेत आणि खालचे पुढचे शाबूत आहेत, हा नमुना बहुधा बाटलीचा किंवा रात्रीच्या गोड दुधाचा. खालचे दात जिभेच्या आणि लाळेच्या आडोशाला वाचतात. खोकल्याचं गोड औषध रात्री दिलं तरी मग दात पुसून घ्या.

तिच्या किडलेल्या दातांचं काय? “दुधाचे दात, पडणारच आहेत” हे ऐकून सोडू नका. तिच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहणार आहेत. त्या लवकर काढल्या तर मागची दाढ पुढे सरकते आणि तिच्या जागी येणारा कायमचा दात वाकडा येतो. खड्डा खोल नसेल आणि रात्री आपोआप ठणकत नसेल तर एक सोपा उपाय आहे, ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचं औषध. दात कोरडा करून कापसाच्या बोळ्याने मिनिटभर लावतात. इंजेक्शन नाही, मशीन नाही. बहुतेक वेळा कीड टणक होऊन तिथेच थांबते. तो भाग कायमचा काळा पडतो, हे आधीच मान्य करा, आणि सहा महिन्यांनी परत लावायला जा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध, फ्लोराइडची पेस्ट आणि ग्लास आयोनोमर सिमेंट हे तिन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं आहे. दाढेचा खड्डा हाताच्या हत्याराने साफ करून त्याच सिमेंटने भरता येतो, वीज गेली तरी ते काम अडत नाही. बाकीच्या दातांना सहा महिन्यांतून एकदा फ्लोराइडचं वार्निश लावतात. त्या दिवशी दात पिवळट दिसतात, कडक काही खायचं नाही आणि ब्रश दुसऱ्या सकाळी. वार्निश घट्ट असलं तरी ते थेंबभर असतं आणि वर्षातून दोनदाच लागतं, त्यामुळे तुमच्या गावातही कीड असलेल्या लेकराला ते लावून घ्यायला हरकत नाही. पाण्याचा अहवाल डॉक्टरांना दाखवा मात्र.

ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारून जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांना दात दाखवून पुढची चिठ्ठी मागा. मोठं काम निघालं तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे.

थोरल्याच्या पट्ट्यांसाठी लिंबू-सोडा, कोळसा, विटेचा चुरा काहीही घासू नका. डाग आत आहे, वरून घासून फक्त कवच पातळ होतं. सौम्य डाग डॉक्टर बारीक आम्लयुक्त लेपाने घासून कमी करतात, मध्यम डागांवर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्याच रंगाचा मसाला, बसवतात. कॅप किंवा व्हिनियरची (दातावर चिकटवायच्या पातळ पापुद्र्याची) घाई अठरा वर्षांआधी नको, दाताची नस मोठी असते आणि हिरडी अजून सरकत असते. डागाळलेला दात कच्चा म्हणून काढून टाका असं कोणी म्हणालं तर उठून या. हलका फ्लोरोसिस असलेले दात सहसा लवकर किडत नाहीत. खड्डे पडलेले असतील तर त्यांत अन्न अडकतं, ते मात्र भरून घ्या. पोराला वर्गात चिडवत असतील तर गुरुजींशी बोला, त्याने घासायचा आळस केला म्हणून हे झालेलं नाही, पाण्याने झालंय.

दात ठणकला की घरोघरी काय होतं तेही बघतो. खड्ड्यात खर्रा दाबणं, तंबाखूची नस (तपकीर) लावणं, गोळी कुटून हिरडीवर ठेवणं. गोळीने हिरडी भाजते, आणि तंबाखूने थोडा बधिरपणा आला तरी त्या लेकराला तिथूनच सवय लागते. लवंगाचं तेल कापसाच्या बारीक बोळ्यावर एक थेंब, फक्त खड्ड्यात, एवढं चालेल. बाजारात धूर देऊन दातातले किडे काढून दाखवणारे बसतात. रिंगणीच्या बियांचा धूर असतो, आणि खाली पडलेले पांढरे ‘किडे’ त्या तापून फुटलेल्या बियांतलेच असतात. दातात अळी नसते. जे जंतू आहेत ते डोळ्यांना दिसत नाहीत.

गालावर सूज, ताप, तोंड उघडायला त्रास किंवा जबड्याखाली सूज पसरत असेल तर घरी शेकत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. गिळता येईना किंवा श्वासाला अडथळा वाटला तर रात्र असली तरी थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात.

आणि एक दाढ लक्षात ठेवा. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता एक नवी दाढ येते. दात पडला नाही म्हणून घरचे तिला दुधाची समजतात, आणि तीच सगळ्यात आधी किडते, कारण ती अर्धी वर आलेली असताना ब्रशच्या उंचीला येत नाही आणि तिच्या खाचा खोल असतात. ती आयुष्यभराची दाढ आहे. धाकटी साडेपाचची झाली की दर रविवारी टॉर्च घेऊन मागे बघा. दिसली की ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून तिच्यावर वेगळा फिरवा, आणि पूर्ण वर आल्यावर डॉक्टरांकडून तिच्या खाचा सीलंट नावाच्या लेपाने बंद करून घ्या.